डांबर खाणाऱ्या जनुकाची निळाई

ई. कोलाय हा आपल्या आतड्यात राहणारा जीवाणू. प्रयोगशाळेतल्या बशीत, पोषक माध्यमावर तो वाढवला की एका रात्रीत त्याच्या मळकट पांढऱ्या वसाहती उठतात. रंगरूपाच्या बाबतीत त्याच्याकडून कुणी कसलीच अपेक्षा ठेवत नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या ॲमजेन कंपनीत मात्र या जीवाणूने निळा रंग धरला. बर्ट एन्स्ली, बॅरी रॅट्झकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला बाहेरची जनुकं दिली होती हे खरं. पण ती रंगाची नव्हती. ती होती नॅफ्थलीन, म्हणजे आपण कपड्यांच्या कपाटात ठेवतो ती डांबरगोळी, पचवण्याची.

जनुक-अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत निळी वसाहत तशी नवलाची नसते. एक्स-गॅल नावाचं एक रसायन माध्यमात मिसळतात. परकं जनुक नीट बसलं की नाही, हे मग वसाहतींच्या पांढऱ्या-निळ्या रंगावरून कळतं. इथे साध्या पोषक माध्यमातच निळाई उतरत होती. तपासणी झाली आणि उत्तर आलं : हा इंडिगो आहे. जगभरच्या जीन्स जिने रंगतात ती नीळ.

नीळ बनवायला कुणी सांगितलेलं नसताना हा जीवाणू ती बनवायला शिकला कुठून?

विषारी जेवणाची पंगत

या प्रश्नाचं उत्तर मिळण्याआधी डांबरगोळी खाणाऱ्यांची ओळख करून घ्यायला हवी.

दगडी कोळसा हवेविना तापवला की डांबर निघतं आणि डांबरातून नॅफ्थलीन. त्याच्या रेणूत कार्बनची दोन षटकोनी कडी एकमेकांना चिकटलेली असतात. ही कडी अतिशय स्थिर. बहुतेक सजीवांना ती फोडता येत नाहीत. पण तेल सांडलेल्या, डांबर मुरलेल्या मातीत स्यूडोमोनास पुटिडा नावाचे जीवाणू राहतात आणि ते नॅफ्थलीनवरच पोट भरतात.

ही कडी ते फोडतात कशी, याचा पाठपुरावा डेव्हिड गिब्सन यांनी १९६०च्या दशकापासून केला. त्यांना आढळलं ते अनपेक्षित होतं. आपल्या यकृतात असं एखादं कडं आलं, तर विकर हवेतल्या प्राणवायूच्या रेणूतला एकच अणू त्याला लावतं. जीवाणू मात्र दोन्ही अणू एकाच वेळी, कड्याच्या शेजारशेजारच्या दोन कोपऱ्यांवर आणि एकाच बाजूने बसवतो. त्यामुळे कड्याची स्थिरता मोडते आणि पुढचं पचन सोपं होतं. हे काम करणाऱ्या विकराला डायऑक्सिजनेज म्हणतात. नॅफ्थलीनचं डायऑक्सिजनेज तीन वेगवेगळ्या प्रथिनांचं मिळून बनतं, हे टेक्सासमधल्या ऑस्टिनला गिब्सन यांच्या प्रयोगशाळेत एन्स्ली यांनीच दाखवून दिलं होतं. तिथून ते ॲमजेनला आले.

या विकराची जनुकं मिळवणं फारसं अवघड नव्हतं, कारण ती जीवाणूच्या मुख्य गुणसूत्रावर नसतात. ती असतात प्लास्मिडवर. प्लास्मिड म्हणजे डीएनएचं सुटं वर्तुळ. एक जीवाणू दुसऱ्याला ते देऊ शकतो. इलिनॉय विद्यापीठात डन आणि गन्सालस यांनी १९७३ मध्ये नॅफ्थलीन पचवण्याची विद्या अशाच एका प्लास्मिडवर असल्याचं दाखवलं. गन्सालस यांच्याच प्रयोगशाळेत त्याआधी आनंद मोहन चक्रवर्ती काम करत होते. पुढे जनरल इलेक्ट्रिकमध्ये त्यांनी असे अनेक प्लास्मिड एकाच जीवाणूत घालून तेल खाणारा जीवाणू तयार केला आणि त्याच्या पेटंटसाठी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढाई झाली. जून १९८० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. माणसाने घडवलेल्या सजीवाचं पेटंट घेता येतं, हे ठरलं. ॲमजेन स्थापन झाली तीही त्याच वर्षी.

दोन अनोळखी विकरांची गाठ

एन्स्ली यांच्या गटाने नॅफ्थलीनच्या प्लास्मिडचा एक तुकडा कापला आणि तो ई. कोलायमध्ये बसवला. हेतू एवढाच, की ती जनुकं या ओळखीच्या, हाताळायला सोप्या जीवाणूत काम करतात का ते पाहावं. ती काम करू लागली, आणि सोबत निळाई आली.

छडा लावायला एक धागा हाताशी होता. इंडिगोच्या रेणूचे दोन सारखे अर्धे असतात आणि प्रत्येक अर्ध्याचा सांगाडा इंडोलचा असतो. आणि इंडोल हा ई. कोलायचा जुना परिचित. आपल्याकडच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला हे प्रात्यक्षिक पाठ असतं : परीक्षानळीत जीवाणू वाढवायचा, वरून कोव्हॅक्सचं अभिकर्मक सोडायचं, लाल कडं आलं की इंडोल आहे आणि जीवाणू बहुधा ई. कोलाय आहे. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल तोडून तो इंडोल बाहेर टाकतो. हे तोडणाऱ्या विकराचं नाव ट्रिप्टोफॅनेज.

मग गटाने माध्यमात मुद्दाम ट्रिप्टोफॅन वाढवलं. निळाई वाढली. थेट इंडोल घातलं. तरी वाढली. कोडं उलगडू लागलं. इंडोलचा रेणूही दोन जोडलेल्या कड्यांचा असतो. एक षटकोनी, एक पंचकोनी. नॅफ्थलीनशी त्याचं इतकं साम्य, की परक्या घरात आलेल्या डायऑक्सिजनेजने त्यालाच धरलं आणि प्राणवायूचे दोन अणू त्याच्यावर बसवले. त्या रेणूतून पाणी निघून गेलं की उरतं इंडॉक्सिल. इंडॉक्सिलला हवा लागली की त्याचे दोन-दोन रेणू आपोआप जुळतात आणि इंडिगो होतो. या शेवटच्या पायरीला विकरही लागत नाही.

हा तर्क खरा असेल, तर त्यातून एक भाकीत निघत होतं : कडी फोडण्यासाठी अशीच डायऑक्सिजनेज वापरणाऱ्या दुसऱ्या जीवाणूंना नुसतं इंडोल दिलं, तर तेही निळे व्हायला हवेत. तसंच झालं. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात ग्रे यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस मातीतले जीवाणू इंडोलपासून नीळ करतात असं नोंदवून ठेवलं होतं. त्या जुन्या निरीक्षणामागची यंत्रणाही आता समजण्याजोगी झाली.

मग स्यूडोमोनास पुटिडा आपल्या मूळ घरी निळा का होत नव्हता? त्याच्याकडे ट्रिप्टोफॅनेज नाही, म्हणून इंडोल नाही. ई. कोलायकडे इंडोल आहे, पण डायऑक्सिजनेज नाही. एक विकर डांबराच्या मातीतलं, दुसरं माणसाच्या आतड्यातलं. दोघांची गाठ प्रयोगशाळेत पडली आणि दोघांपैकी कुणाचंही काम नसलेली गोष्ट तयार झाली. एन्स्ली, रॅट्झकिन, ऑस्लुंड, सायमन, वॅकेट आणि गिब्सन यांचा निबंध ऑक्टोबर १९८३ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आला. ॲडॉल्फ फॉन बायर यांनी इंडिगोच्या रेणूची रचना पहिल्यांदा कागदावर मांडली ती १८८३ मध्ये. मधे बरोबर शंभर वर्षं.

या शोधाचा एक उपयोग लगेच झाला. मातीतल्या हजारो जीवाणूंमधून कडी फोडणारे जीवाणू वेगळे काढायचे असतील तर इंडोल द्यायचं आणि निळ्या वसाहती वेचायच्या, अशी सोपी चाचणी संशोधकांना मिळाली. पण सगळ्यांची नजर होती ती बाजारावर.

आधीची नीळ, तीही डांबराचीच

कारण बाजारात जी नीळ विकली जात होती, तिचा जन्मही डांबरातूनच झाला होता.

बायर यांनी १८८०मध्ये प्रयोगशाळेत इंडिगो बनवला. इंडिगोवरच्या कामासह त्यांच्या एकूण रंगसंशोधनाला १९०५ चं नोबेल मिळालं. पण प्रयोगशाळेतली कृती कारखान्यात परवडत नव्हती. जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीने त्यापायी १७ वर्षं आणि १ कोटी ८० लाख सुवर्ण मार्क खर्ची घातले. स्वस्त कच्चा माल म्हणून नॅफ्थलीनवर नजर होती, पण त्याचं हवं ते रूपांतर फार सावकाश होई. रसायनशास्त्राच्या इतिहासात सांगितलं जातं ते असं : झापर नावाचा रसायनज्ञ नॅफ्थलीन आणि तीव्र गंधकाम्ल तापवत असताना उष्णतामापी फुटला, त्यातला पारा मिश्रणात सांडला आणि अडलेली क्रिया झपाट्याने पुढे सरकली. पारा तिथे उत्प्रेरक ठरला. १८९७ मध्ये बीएएसएफची नीळ बाजारात आली.

तिचा फटका बसला तो बिहार-बंगालच्या निळीला. किंमत कोसळली तेव्हा चंपारणच्या मळेवाल्यांनी तोटा कुळांच्या माथी मारला. बिघ्यातले तीन कठ्ठे निळीखाली ठेवण्याची ‘तीनकठिया’ सक्ती होतीच; आता त्या सक्तीतून सुटका हवी तर वाढीव खंड द्या किंवा रोख भरपाई द्या, असं सुरू झालं. १९१७ मध्ये गांधीजी चंपारणला गेले ते या पार्श्वभूमीवर.

पुढे कारखान्यांनी नॅफ्थलीनही सोडलं आणि ॲनिलीनपासून जाणारी वाट धरली. तिच्यात फॉर्माल्डिहाइड आणि हायड्रोजन सायनाइड लागतात, शेवटी सोडियम अमाइडसह तीव्र उष्णता लागते. या वाटेवर शेवटून दुसरी पायरी कोणती? इंडॉक्सिल. आणि शेवटची? हवा. निळीच्या पानांचं पाणी हौदात घुसळतात तेव्हाही हेच घडतं. झाड, कारखाना आणि जीवाणू निघतात तीन दिशांनी, पण पोहोचतात इंडॉक्सिलपाशीच.

साखरेपासून निळीपर्यंत

१९९०च्या दशकात जेनेनकोर या कंपनीने जीवाणूची नीळ कारखान्यात उतरवायचं मनावर घेतलं. ट्रिप्टोफॅन विकत आणून जीवाणूला खाऊ घालणं परवडणारं नव्हतं. जीवाणूने ग्लुकोज खावं आणि नीळ द्यावी, अशी व्यवस्था हवी होती.

इथे पेशीचीच शिस्त आडवी आली. ट्रिप्टोफॅन तयार होताना मधे इंडोल बनतं, पण ते विकराच्या आतल्या एका बोगद्यातून थेट पुढच्या पायरीवर नेलं जातं. बाहेर सांडत नाही. संशोधकांनी त्या विकराचं जनुक बदलून इंडोल बाहेर गळेल असं केलं, ट्रिप्टोफॅनकडे जाणारा सगळा ओघ वाढवला आणि डायऑक्सिजनेजला भरपूर इंडोल पुरवलं. यातून लिटरमागे १८ ग्रॅमहून अधिक नीळ मिळू लागली. एका जीन्सला साधारण ३ ते १२ ग्रॅम नीळ लागते. म्हणजे लिटरभर द्रावणात एक-दोन पँटी सहज निघाव्यात.

मग कापड रंगवून पाहिलं आणि वेगळीच अडचण दिसली. निळाईत लालसर झाक होती. इंडॉक्सिलचा एक भाग वाट चुकून इसॅटिन बनत होता आणि इंडॉक्सिल व इसॅटिन जुळले की इंडिगोऐवजी इंडिरुबिन होतं. ते लाल. डेनिमचा धंदा ठरलेल्या छटेवर चालतो. तिथे ही झाक चालली नसती. गटाने इसॅटिन फोडणाऱ्या विकराचं जनुक शोधून जीवाणूत बसवलं आणि झाक गेली. कापड कारखान्याच्या निळीइतकंच चांगलं रंगलं.

तरीही ही नीळ बाजारात उभी राहिली नाही. रासायनिक नीळ तोवर फार स्वस्त झाली होती. शिवाय एक मूळचा दोष तसाच राहिला होता, आणि तो नीळ कशी बनवली याचा नव्हताच.

अडचण रंगवण्याची

इंडिगो पाण्यात विरघळत नाही. म्हणून तर तो धुतल्यावर टिकतो, आणि म्हणूनच तो सुताला लावणं अवघड. रंगारी आधी त्याचं क्षपण करतो, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देतो. मग तो पिवळसर, विरघळणारा होतो, सुतात शिरतो, आणि सूत हवेत काढलं की पुन्हा निळा होऊन धाग्यात अडकतो. क्षपणासाठी सोडियम डायथायोनाइट वापरतात. रंगारी त्याला नुसतं ‘हायड्रो’ म्हणतात. सोबत कॉस्टिक सोडा. या हायड्रोची सल्फाइट-सल्फेटं सांडपाण्यात जातात, नळ गंजतात, पाणी बिघडतं. जगात वर्षाला सुमारे ५०,००० टन नीळ वापरली जाते. त्या प्रमाणात हायड्रोही. नीळ कारखान्याची असो की जीवाणूची, तयार इंडिगो हाती आला की हे सगळं आलंच.

बर्कलेतल्या जॉन ड्यूबर यांच्या प्रयोगशाळेत टॅमी शू आणि सहकाऱ्यांनी प्रश्न वेगळा मांडला. मुळात इंडिगो होऊच दिला नाही तर? इंडॉक्सिल पाण्यात राहू शकतं. ते सुतात शिरल्यावरच त्याला हवा लागावी, अशी सोय झाली तर हायड्रोची गरजच उरणार नाही. पण इंडॉक्सिलला थांबवायचं कसं? हवा लागताच ते जुळणार.

उत्तर झाडाकडे आधीपासून होतं. निळीच्या हिरव्या पानात नीळ नसतेच. तिथे इंडॉक्सिलवर ग्लुकोजचं कुलूप घातलेलं असतं. त्या जोडीला इंडिकन म्हणतात. ते रंगहीन, विरघळणारं आणि हवेतही स्वस्थ. पान चुरगळलं, भिजलं की बीटा-ग्लुकोसिडेज हे विकर किल्ली होऊन कुलूप काढतं. गंमत म्हणजे जनुकशास्त्रज्ञ हीच युक्ती रोज वापरत होते. एक्स-गॅल म्हणजे क्लोरीन-ब्रोमीन लावलेल्या इंडॉक्सिलवर गॅलॅक्टोज साखरेचं कुलूप. जीवाणूचं विकर ते काढतं, दोन तुकडे हवेत जुळतात आणि वसाहतीवर निळीचंच एक भावंड उमटतं. किती बशांवर ते कुलूप उघडताना लोकांनी पाहिलं असेल. कापडाशी त्याचा संबंध जुळायला वेळ लागला.

कुलूप घालणारं विकर शोधण्यासाठी गटाने जपानी निळीचं झाड निवडलं. त्याच्यातून ग्लुकोज जोडणाऱ्या विकराचं जनुक शोधलं, विकराची त्रिमित रचना उलगडली आणि जनुक ई. कोलायमध्ये बसवलं. इंडोलचं इंडॉक्सिल करायला डायऑक्सिजनेजऐवजी प्राणवायूचा एकच अणू लावणारं दुसऱ्या जीवाणूचं विकर घेतलं. आता जीवाणू इंडॉक्सिल बनवताच त्याला साखर लागे आणि इंडिकन माध्यमात उतरे. ते गोळा करून सुती कापडावर दिलं, वर बीटा-ग्लुकोसिडेज टाकलं, आणि कापड निळं झालं. हायड्रोविना. चौकोनी नमुन्यांसोबत एक वस्त्रही असं रंगवून २०१८ मध्ये ‘नेचर केमिकल बायॉलॉजी’त हे काम प्रसिद्ध झालं. शू यांनी मिशेल झू यांच्यासह पुढे यावर कंपनीही काढली. याच निबंधातल्या सहलेखिका डिट्टे वेल्नर यांच्या डेन्मार्कमधल्या गटाने २०२४ मध्ये विकराऐवजी प्रकाशानेही हे कुलूप उघडता येतं, असं दाखवलं.

हिशेब

मग सगळ्या जीन्स अशा का रंगत नाहीत? कुलपालाही वजन असतं. इंडिगोच्या एका रेणूला इंडिकनचे दोन लागतात, म्हणजे ग्लुकोजचे दोन रेणू सुटून रंगाच्या पाण्यात जातात. रेणुभार मांडून पाहिले, तर एक किलो निळीमागे जवळपास १.४ किलो साखर वाहून जाते. ती विषारी नाही. पण ती आधी पिकवावी, मग पाण्यातून काढावी लागते. किल्लीचं विकर विकत घ्यावं लागतं. आणि समोर स्पर्धेला स्वस्त ॲनिलीनची नीळ आणि स्वस्त हायड्रो उभे.

१९८३ पासून आजवर सुधारणा झाल्या त्या रंग बनवण्यात कमी आणि तो कधी सोडायचा हे ठरवण्यात अधिक. जीवाणूला नीळ करायला शिकवणं योगायोगानेच जमलं. थांबायला शिकवण्यासाठी पानापर्यंत परत जावं लागलं. नैसर्गिक रंगद्रव्यांच्या अशा पुष्कळ कहाण्या आज प्रयोगशाळांत चालू आहेत, आणि बहुतेकींत हाच अनुभव आहे : रंगाचा रेणू मिळतो, तो सुताला, कातडीला किंवा खाद्यपदार्थाला परवडेल अशा रीतीने लावता येत नाही.

१८९७ मध्ये नीळ शेत सोडून कारखान्यात गेली. जीवाणूची वाट उद्या खरंच परवडली, तर ती अर्धीमुर्धी शेताकडे परतेल, कारण जीवाणूंना ग्लुकोज लागतं आणि ते मक्याच्या स्टार्चमधून नाहीतर उसातून येतं. तेव्हा निळीचा भाव काढताना सांडपाण्याचा खर्च धरायचा की नाही, आणि साखर पिकवणाऱ्याचा वाटा किती, हे दोन आकडे ठरवावे लागतील. प्रयोगशाळेने आपलं काम बरंच पुढे नेलं आहे. हे आकडे मात्र तिला काढता येणार नाहीत.